बाबा छान, बाबा फार छान

आमचा दादा दिग्दर्शक आहे. म्हणजे भर उन्हात गळ्यात मफलर घालतो आणि समोरचा बोलत असताना बोटांची चौकट करून त्याच्याकडे बघतो. सिनेमा त्याने एकच केला, बाबांवर. तोही संकलन करायला धाकटी बहीण फुकटात मिळाली म्हणून.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. चित्रीकरण संपलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले. आता चित्रीकरणात आहेत तेवढेच बाबा.

कॅमेऱ्यातल्या मूळ फायली भयंकर जड. माझा कॉम्प्युटर त्यांच्यापुढे मान टाकतो. म्हणून मी त्यांच्या छोट्या, धूसर प्रती काढल्या आणि सगळी कापाकापी त्या प्रतींवर केली. काम संपलं की सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतीच्या जागी तिची मूळ फाइल जोडतं. ओळखतं ते नावावरून. म्हणून दादाला बजावून ठेवलं होतं, मूळ फायलींना हात लावायचा नाही.

दादाने हात लावला. आकड्यांची नावं त्याला निर्जीव वाटली म्हणे. मी जोडायला बसले तर पडदाभर लाल चौकोन, एकही फाइल सापडेना. डिस्क उघडून बघते तो काय! 'बाबा छान'. 'बाबा फार छान'. 'काटा जवळून'. 'काटा आणखी जवळून'.

"हे काय करून ठेवलंस?"

"शोधायला सोपं जावं म्हणून," मागच्या खुर्चीत पाय पसरून तो म्हणाला. "आभार मान की जरा."

"सोपं? कुणाला?"

"कुणालाही. माणसांची भाषा आहे ती, चिमे."

अक्कल वाटत होते तेव्हा हा चौकट लावून प्रकाश बघत उभा असणार. दुसरा इलाज नव्हता. एकेक फाइल उघडायची, डोळ्यांनी ओळखायची, हाताने जोडायची. तो मागे बसून अंगठीने खुर्चीच्या दांड्यावर टकटक करत होता आणि मधूनमधून "वा" म्हणत होता, स्वतःलाच.

एक दृश्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं. बाबा दुकानात बसलेत. चष्मा लावतात आणि सावकाश म्हणतात, "धंदा पोरीला शिकवायला हवा होता. हात तिचाच होता."

मला त्यांनी कधी पान्याला शिवू दिलं नाही. शिकवलं दादाला, आणि त्याने वजनं हरवली. सिनेमा गेला खड्ड्यात, मला ते वाक्य हवं होतं. ते बोलतानाचा त्यांचा चेहरा मोठा, स्वच्छ बघायचा होता.

फाइलचं नाव होतं 'बाबा फार फार छान'. जोडली.

दाढीचे खुंट दिसले. कपाळावरचा तेलाचा डाग दिसला. मग डोळे दिसले. ते डावीकडून उजवीकडे सरकत होते, मग पुन्हा डावीकडून. प्रतीत चष्म्यावर नुसता पांढरा ठिपका होता. इथे तो काचेत उमटलेला पुठ्ठा होता. त्यावर काळ्या ओळी होत्या आणि कडेला तो धरणारा अंगठीवाला हात.

"पुठ्ठा कशाला धरलास?" मी विचारलं.

तो उठून वाकून बघायला लागला. "दिसतो होय? काय कॅमेरा आहे बघ!"

"दादा."

"अगं, मी म्हटलं त्यांना, चिमीबद्दल काहीतरी बोला. तर म्हणाले, त्यात काय बोलायचंय. मग मीच लिहून दिलं. किती वर्षं धुमसत होतीस तू."

"आणि त्यांनी वाचलं?"

"लगेच. फक्त चष्मा मागितला."

माझ्याकडे त्याच्यासाठी शिव्यांचा साठा कायम तयार असतो. त्यातली एकही कामी येईना, त्याचाच मला संताप आला. याचा मूर्खपणा मी जन्मभर निस्तरत आले. त्याने माझ्यावर केलेली दया कशी निस्तरायची, ते मला ठाऊक नव्हतं.

"काढून टाकायचं का ते?" त्याने विचारलं. आवाज दिग्दर्शकाचा नव्हता.

"नको."

मी मूळ फाइल काढली आणि धूसर प्रत परत जागेवर लावली. आख्ख्या सिनेमात दादाने खरोखर दिग्दर्शित केलेलं दृश्य ते एवढंच, आणि मला ते खरं वाटलं होतं.