दोन हळदी आणि एक पिवळा रंग

हिंगोलीत घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवणाऱ्या ऐश्वर्याला एक खोड होती. गिऱ्हाइकानं मागण्याआधीच ती देऊन मोकळी व्हायची. उत्तमसिंगकाकांच्या बाबतीत हीच खोड तिला नडली.

उत्तमसिंग सेनगावकडच्या तांड्यावरचे. भाड्यानं द्यायच्या दोन गोष्टी त्यांच्याकडं होत्या. एक, ओली हळद वाफेवर शिजवायचा बॉयलर, ट्रॅक्टरमागं ओढत न्यायचा. दुसरी, लग्नकार्यात वाजवायचा डीजे, टेम्पोवर बांधलेला. बुकिंगच्या तारखा ते घराच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. औंदा त्यांच्या बायकोनं, जिवनबाईनं, घर रंगवून काढलं आणि अख्ख्या मार्च महिन्याच्या तारखा चुन्याखाली गेल्या. म्हणून ते ऐश्वर्याकडं आले.

तिनं त्यांना बुकिंगचं ॲप करून दिलं आणि त्यात कॅलेंडर बसवलं. साधंसुधं नव्हे. आठवडा कुठल्या वारी सुरू करायचा, कुठल्या कामाला कुठला रंग, चौकोनात काय दाखवायचं, काय लपवायचं, सगळं मनासारखं बदलता येणारं. बॉयलरला तिनं पिवळा रंग दिला, डीजेला जांभळा.

"म्हंजे मी यातलं काय बी बदलू शकतो?" उत्तमसिंगांनी विचारलं.

"काय बी, काका. तुमचंच कॅलेंडर हाय."

उत्तमसिंगांचे डोळे चकाकले. एवढी सत्ता त्यांना घरात कधी मिळाली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी आठवडा मंगळवारी सुरू केला, कारण त्यांचा आठवडा बाजारापासून मोजला जायचा. दुसऱ्या दिवशी शनिवारचं नाव बदलून ‘आराम’ ठेवलं. सासुरवाडीचे पाहुणे येणार ती तारीख काळी केली आणि जिवनबाईनं बघताच घाईघाईनं गुलाबी केली. तक्रारीसाठी स्वतःचा नंबर होता, तो काढून ऐश्वर्याचा टाकला. हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही. बाकीच्या काही बदलांचे फोटो ते तिला पाठवायचे, आणि तिला कौतुकच वाटायचं.

मग मार्चमधल्या एका सकाळी तिचा फोन वाजला.

"बाई, मी आखाडा बाळापूरची निर्मलाबाई. आज माझ्या लेकीची हळद हाय. मी डीजे सांगितला व्हता, अन् मांडवापुढं ट्रॅक्टर येऊन उभा हाय. मागं धुराड्याची टाकी! ड्रायवर म्हणून राहिला, हळद आणा, शिजवून देतो. घरात वाटीभर हळद हाय माझ्या. नवरीला शिजवू काय?"

तेवढ्यात दुसरा फोन आला. पुसेगावच्या धुरपताबाई, थेट शेतातून.

"पोरी, आमी हळदीचा ढीग लावून बसलो अन् इथं डीजे आला! तो इचारून राहिला, नवरी कुठाय? मी म्हणलं, ही काय, समोर पडलीय ढीगभर!"

ऐश्वर्यानं ॲप उघडलं. दोन चौकोन, दोन्ही पिवळे. एकात ‘हळद, बाळापूर’, दुसऱ्यात ‘हळद, पुसेगाव’. तिनं उत्तमसिंगांना फोन लावला.

"काका, डीजेला पिवळा रंग काहून दिला?"

"अवं ताई, हळदीचा कारेक्रम हाय ना? हळद कुटं जांभळी असते व्हय?"

"अन् कामाचं नाव?"

"ते लपवलं. गर्दी व्हत व्हती. आता बराबर दिसून राहिलं."

बराबरच दिसत होतं. ट्रॅक्टर बाळापूरजवळ कळमनुरीकडं होता, टेम्पो पुसेगावजवळ सेनगावकडं. दोन्ही ड्रायव्हरांनी आपापल्या जवळची हळद निवडली होती. आता जिल्ह्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला जाणार कधी? ऐश्वर्याला रडू यायला लागलं. बदलता येईल ते सगळंच बदलू देऊ नये, हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. एका कानाला स्वतःचा आणि दुसऱ्या कानाला आईचा फोन लावून तिनं दोन्ही ड्रायव्हरांना सांगितलं, "माघारी फिरा!"

पण कोणी फिरू देईना. बाळापुरात ट्रॅक्टरवाल्या प्रेमदासनं बॉयलर आधीच पेटवला होता. मांडवात शंभर पाहुणे आंघोळीच्या पाण्यासाठी बादल्या घेऊन उभे. निर्मलाबाईनं वाफेचा पाइप सरळ पाण्याच्या ड्रममध्ये सोडायला लावला. पाच मिनिटांत पाणी कढत. नवरदेवाकडची माणसं तर हौसेनं दोन-दोनदा आंघोळ करून आली.

तिकडं पुसेगावात कामावरच्या बायांनी टेम्पोपुढं ठाण मांडलं. "चार गाणी ऐकवल्याबिगर गाडी हलणार न्हाई." चाराची अकरा झाली. धुरपताबाई डोईवरचा पदर खोचून सगळ्यांत पुढं नाचत होती.

दुपारी दोन वाजता दोन्ही गाड्या हिंगोलीत समोरासमोर आल्या, एकमेकींवर हॉर्न मारून निघून गेल्या. उशिरा का होईना, हळद शिजली आणि नवरीही पिवळी झाली.

दुसऱ्या दिवशी ऐश्वर्यानं रंगांच्या सेटिंगला कुलूप घातलं. शेताचा पिवळा, लग्नाचा जांभळा, विषय संपला. उत्तमसिंग लगेच तोंड पाडून दारात हजर.

"ताई, माझं कॅलेंडर बांधून घातलं व्हय?"

"व्हय. दोनच रंग."

"दोनानं भागत न्हाई ना! धुरपताबाईनं फुडल्या साली दोन्ही संगंच सांगितलं. बाया म्हणतात, डीजे न्हाई तर हळद काढायला येत न्हाई. बाळापूरच्या पाहुण्यांनीबी लग्नासाठी दोन्हीच मागितलं."

ऐश्वर्यानं कपाळाला हात लावला. मग कुलूप उघडून हिरवा रंग घातला आणि या कामाचं नाव काय ठेवायचं ते विचारलं. उत्तमसिंगांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढून एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘हळद हळद’.