ठिणगीच्या पट्टीत

सुकेशनीला गंगाखेडात दोन नावांनी ओळखत. दिवसा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ती ‘जोंधळे मॅडम’. संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या खोलीतून कडाड असा आवाज निघाला की गल्लीतली माणसं म्हणायची, “इजंवाली बाई बसली वाटतं.” तिला दोन्ही नावं चालायची.

हा नाद लहानपणापासूनचा. भंगारातल्या टीव्हीमागचा ट्रान्सफॉर्मर सोडवून त्यातून बोटभर लांबीची निळी ठिणगी काढली, तेव्हा ती नववीत होती. पुढं नोकरी लागली, वडील गेले, घरात ती आणि आई मालनबाई अशा दोघीच उरल्या. पण नाद काही सुटला नाही. ठिणगी मात्र वाढत गेली. बोटाची वीत झाली, वितीचा हात झाला. यंदाचं यंत्र तर तिच्या खांद्याला लागत होतं.

खाली तांब्याच्या नळीचं जाड वेटोळं. मधोमध उभा पाइप, त्यावर केसासारखी बारीक तार एकाला एक लावून गुंडाळलेली. माथ्यावर ॲल्युमिनियमचं गुबगुबीत कडं. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज खालच्या वेटोळ्यात सोडली की वरच्या तारेत ती लाखो व्होल्टची होऊन कड्यातून हवेत झेप घ्यायची. वीज सोडायचं काम जुन्या वेल्डिंग मशिनीतून काढलेल्या दोन इलेक्ट्रॉनिक स्विचांचं. ते सेकंदाला किती वेळा उघडझाप करतील, हे सुकेशनीच्या हातातली डबी ठरवायची. आणि खरी गंमत तिथंच होती. जितकी जास्त उघडझाप, तितका ठिणगीचा सूर उंच. ना स्पीकर, ना भोंगा. वीज स्वतःच गायची.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला डीजे लावायचा नाही असं मंडळात ठरलं, तेव्हा अध्यक्ष नागसेन तिच्या दारात आला.

“ताई, तुमची मशीन गाणं म्हणती म्हणं?”

“म्हणती.”

“मग मिरवणुकीत ट्रॉलीवर ठेवू. लोकं येडी होतील!”

“ट्रॉलीवर न्हाई,” सुकेशनी म्हणाली. “शाळंच्या मैदानात, एका जागी. भोवती लोखंडी जाळीचा, वरून उघडा पिंजरा, जमिनीत खोल अर्थिंग, आणि पिंजऱ्यापासून लांब दोरी. दोरीच्या आत कुणी यायचं न्हाई. तू पण न्हाई.”

“आवो, पण मिरवणुकीची मजा—”

“इजंला मजा कळत न्हाई, नागसेन. तिला फक्त जवळचा रस्ता कळतो.”

नागसेननं डोकं खाजवलं आणि मैदान कबूल केलं. कारण कोणतं गाणं वाजवणार हेही तिनं सांगितलं. दत्तरावांचं गाणं. दत्तराव म्हणजे सुकेशनीचे वडील; ते गायनपार्टीत पेटी वाजवायचे, आणि लेकीच्या शाळाप्रवेशाच्या वर्षी त्यांनी एक गाणं बांधलं होतं: ‘पाटी हाती, लेखण हाती, लेक निघाली शाळेला.’ त्याची कॅसेट कधी निघाली नाही, पण वस्तीतल्या तीन पिढ्यांना ते पाठ होतं. मालनबाईंनी चुलीपुढं बसून ओळ ओळ गायली, आणि लेकीनं एकेक सूर डबीत भरला.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मैदानात तालीम झाली. सोबत ईश्वरअप्पा होते. स्टेशन रोडला त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान. पाइपावरची तार त्यांच्याच मशिनीवर गुंडाळलेली. पिंजरा उभा राहिला, जनरेटर सुरू झाला, सुकेशनीनं डबीचं बटण फिरवलं. कड्यातून टीचभर, मरतुकडी ठिणगी निघाली. तिनं जोर थोडा वाढवला, आणि खालून फटाका फुटावा तसा आवाज आला. धूर. एक स्विच फुटला होता.

ईश्वरअप्पा सवयीनं लगबगीनं पुढं झाले. “बगू, काय जळालं—”

“अप्पा, हात मागं!”

तिचा आवाज असा होता की अप्पा जागीच थिजले. सुकेशनीनं जनरेटर बंद करायला लावला, वायर काढली, आणि लाकडी दांड्याला बांधलेली अर्थिंगची तार कपॅसिटरच्या टोकांना टेकवली. ठण्णकन आवाज झाला. अप्पांच्या कपाळावर घाम आला.

“बंद पडली होती की गं मशीन.”

“मशीन बंद पडली होती, अप्पा, जनरेटर चालूच होता. आणि कपॅसिटर तर भरलेला होता. मोटरीत एवढा साठा नसतो, म्हणून तुमच्या हाताला सवय न्हाई. माझ्या हाताला हाय.”

नागसेन मात्र भलत्याच काळजीत पडला. “ताई, उद्याच्याला कसं? परभणीच्या डीजेवाल्याला फोन लावू का? मंडळाला मी सांगतो समजावून.”

“लाव फोन, तुझ्या जिवाला बरं वाटत असंल तर. पण मैदान सोडू नकोस. उद्या हे वाजणार.”

हे ती धीर द्यायला म्हणत नव्हती. घरी खोक्यात जास्तीचे स्विच होते. तिनं कधी नेमके दोनच आणले नव्हते, मूठभर आणायची. प्रश्न स्विचचा नव्हताच. पत्र्याच्या खोलीत महिनाभर सुरळीत गाणारं यंत्र मैदानात आल्यावरच का रुसलं, हा होता. जनरेटरचा दाब तिनं मोजला होता, ठीक होता. तारा त्याच. मग बदललं काय?

ती पिंजऱ्याच्या भोवती फिरली. जाळीला बोट लावून उभी राहिली. आणि तिला हसू आलं.

“अप्पा, तुमी भजनात पखवाज वाजवता. शाईवर ओल आली तर काय होतं?”

“सूर उतरतो. मग गट्टे ठोकून चढवावा लागतो.”

“तेच झालंय. इतकं लोखंड भोवती आलं, तर वरच्या तारंचा सूर उतरला. खालचं वेटोळं जुन्याच सुरात हाय. दोघं बेसूर झाले, की वीज वर चढत न्हाई, खालीच घुटमळती, आणि स्विच जाळती. आता खालच्याला उतरवायचं.”

जयंतीच्या दिवशी सकाळी वंदना झाली, मिरवणूक निघाली, आणि सुकेशनी पांढरी साडी कमरेला खोचून पिंजऱ्यात बसली. नवा स्विच बसवला. तांब्याच्या नळीवर वीज जिथं जोडली होती, तो चिमटा तिनं वेटोळ्यावर थोडा पुढं सरकवला, म्हणजे खालचा सूर उतरेल. बाहेर येऊन, दार लावून, अगदी कमी जोरावर एकदा बटण दाबलं. ठिणगी वाढली. वीज बंद, दांडा, मग पिंजऱ्यात. आणखी थोडा पुढं. बाहेर, दार, बटण. आणखी वाढली. पुढच्या खेपेला कमी झाली, तेव्हा तिनं चिमटा अर्ध्यानं मागं घेतला. भर उन्हात ईश्वरअप्पा डोक्यावर टॉवेल टाकून दर वेळी दार लावत होते आणि दर वेळी मोठ्यानं विचारत होते, “दांडा टेकवला का?” शेवटच्या चाचणीत दिवसाउजेडीसुद्धा जांभळी फांदी दिसली. अप्पांनी नुसतं “हर हर” म्हटलं आणि खाली बसले.

दिवेलागण झाली तेव्हा मैदानात मुंगीला वाट नव्हती. मिरवणूक तिथंच येऊन थांबली होती. नागसेननं मैदानाचे दिवे घालवले. आधी मालनबाई दोरीच्या आतल्या, लेकीनं फक्त त्यांच्यासाठी मोजून आखलेल्या जागेवर उभ्या राहिल्या, हातात नुसती ट्यूबलाइट, वायरबियर काही नाही. सुकेशनीनं बटण फिरवलं, आणि ट्यूब म्हातारीच्या हातात लख्ख पेटली. बायकांतून एकच गलका उठला. मालनबाईंनी ट्यूब अशी उंच धरली, की जणू रोजच धरतात.

मग त्या दोरीबाहेर आल्या, आणि गाणं सुरू झालं. पहिला सूर निघाला तेव्हा तो कुठून येतोय हेच लोकांना कळेना. विजेची झाडं पिंजऱ्यात फुलत होती, विझत होती, आणि त्यांतून सणसणीत, थोड्या खरखरीत आवाजात ती ओळ निघत होती. ओळखीची खूण पटली तशी माणसं एकदम पुढं सरकली. सगळ्यांचे मोबाइल वर. दोरी ताणली, एक खांब वाकला, आणि मागच्यांच्या रेट्यानं पुढची रांग दोरीच्या आत आली.

सुकेशनीनं डबी बंद केली.

काळोख आणि शांतता. ऐन ओळीच्या मध्यावर. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ, बंद कामून केलं?” नागसेन धावत आला. “ताई, लोकं खवळतील, वाजवा!”

तिनं त्याच्या हातून माईक घेतला. “दोरीच्या मागं व्हा. घाई न्हाई. मी इथंच हाय, वीज बी इथंच हाय. तुमी मागं गेल्याशिवाय एक सूर निघणार न्हाई.”

गर्दी घुटमळली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एका म्हातारीनं, जिथं ओळ तुटली होती तिथूनच, ती उचलली. ‘...लेक निघाली शाळेला.’ दुसरीनं साथ दिली. पाहता पाहता सारं मैदान गायला लागलं, आणि गाता गाता, पाऊल पाऊल मागं हटायला लागलं. टाळीवर हटत होतं. वाकलेला खांब ईश्वरअप्पांनी सरळ केला.

हे गाणं सुकेशनीनं महिनाभर सुरांच्या आकड्यांत पाहिलं होतं. शब्द विसरायला झाले होते. लोकांनी पट्टी खाली धरली होती. तिनं डबीवरचं बटण फिरवत आपले सूर खाली आणले, टाळी मोजली, दोरीकडं एकदा नीट पाहिलं, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी वीज सोडली.

वीज त्यांच्या आवाजात अलगद मिसळली. पुढं कोण कुणाची साथ करतंय, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

संपल्यावर तिनं सगळं बंद केलं, दांडा टेकवला, पुन्हा एकदा टेकवला. हवेला वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास येत होता. मालनबाईंनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाल्या, “त्यांची पेटी बी असंच खरखरायची.”

गर्दी पांगत होती. ईश्वरअप्पा जरा अवघडत जवळ आले.

“बाई, आमची बसव जयंती येतीय. महाराजांच्या मठापुढं मैदान हाय. आमच्या भजनातलं एखादं वचन वाजंल का गं यावर?”

“वाजंल की. म्हणून दाखवा बरं.”

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला, डोळे मिटून सूर लावला. सुकेशनी खाली बसून ऐकू लागली, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. पहिल्याच ओळीत तिनं हात वर केला.

“अप्पा, जरा खालच्या पट्टीत घ्या. एवढ्या वर स्विच तापतील.”