बरणीभर जेली

सागरी प्रयोगशाळेच्या संचालकांना समुद्रातलं फारसं काही कळत नसे, पण त्यावर भाषण कसं ठोकावं हे पक्कं ठाऊक होतं. मोजणीबाई ती भाषणं थोरल्या बहिणीच्या लग्नापासून ऐकत आली होती, कारण संचालक तिचे भाऊजी. डॉक्टरेट तिचीही होती. पण ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव मोजत बसे, म्हणून प्रयोगशाळेत तिचं हेच नाव पडलं. माशांची पिल्लं या जिवांवरच जगतात.

यंदा किनाऱ्यालगत जाळं ओढलं की बरणी काठोकाठ भरून येई. भाऊजींची छाती फुगली.

"समुद्र नुसता ओसंडतोय! किनाऱ्याजवळची मासेमारीबंदी उठवायला सांगतो. अहवालावर सही कर."

"भाऊजी, हा जेलीचा, म्हणजे जेलीफिशसारख्या लिबलिबीत जिवांचा लगदा आहे. तो गाळून वेगळा मोजायचा असतो. पिल्लांचं खाणं तळाशी चिमूटभर उरलंय, बाकीचं या जेलीनेच फस्त केलंय."

"जेली प्राणीच ना? मग धर प्राण्यांत!" भाऊजी हसले. त्यांच्या विनोदाला हसायचं काम बहुतेक वेळा त्यांनाच करावं लागे.

तिने सही केली नाही. मग भाऊजींनी मत्स्य खात्याच्या सचिवांनाच बोलावलं. साहेबांनी भरलेल्या बरण्या पाहिल्या की ही झक मारत सही करील, असा त्यांचा होरा. बरण्यांत नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन ओतून त्यांनी त्या स्वतःच्या हाताने कपाटात रांगेत लावल्या, वर दिवाही बसवून घेतला. मोजणीबाई शेजारी उभी राहून सगळं बघत होती. ही जेली फॉर्मॅलिनमध्ये टिकत नाही, विरघळते. पण पदवी पदरात पडल्यापासून ज्याने बरणीचं झाकण उघडलं नाही त्याला हे कुठून कळणार? ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याची तिला भलतीच मजा वाटली.

सचिव आले. भाऊजींनी थाटात कपाट उघडलं, दिवा लावला. बरण्यांत निवळ पाणी, तळाशी जरासा गाळ.

"कुणी ओतून टाकलं?" भाऊजी ओरडले.

"कुणीही नाही. जेली विरघळली," ती म्हणाली आणि सचिवांना सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेली.

"एवढेच जीव?"

"एवढेच."

बंदी कायम राहिली. भाऊजी असे तोंडघशी पडले की शिपाईसुद्धा पुसलेलं टेबल पुन्हा पुसत बसला. मोजणीबाई गुणगुणतच घरी निघाली.

दारात, जिन्याच्या पायरीवर ताई बसली होती. आता आरडाओरडा होणार म्हणून मोजणीबाईने मनातल्या मनात उत्तरं तयार केली.

"बरण्यांचं असं होणार हे तुला माहीत होतं?" ताईचा आवाज चढलेला नव्हता.

"जेली आहे हे मी सांगितलं होतं त्यांना. त्यांनी ऐकलं नाही."

"ते नाही विचारत. विरघळणार हे सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं. काल फोनवर. उद्याचं सगळं नीट पार पडेल ना गं, म्हणून. तू म्हणालीस, पडेल की."

मोजणीबाईकडे भाऊजींसाठी हजार टोमणे तयार होते. ताईसमोर मात्र तिला स्वतःची लाज वाटली. ताई भिंतीला धरून उठली, पदर सावरला आणि तिच्याकडे न बघता जिना उतरून गेली.