एकोणचाळीस घरं

काटेवाल्याने चौथा स्क्रू सोडवला आणि पाण्याचा फिल्टर भिंतीवरून निसटून थेट त्याच्या छातीवर आला. दोन्ही हातांनी धरला म्हणून वाचला. भिंतीवर एक स्वच्छ चौकोन उरला. बाकीच्या भिंतीला दीड वर्षाची काजळी होती.

"हळू रे. तुझ्या बापाचा नाही तो," घरातली बाई म्हणाली आणि स्वतःच हसली. "आमच्या बापाचाही नाही म्हणा."

"विद्यापीठाचा आहे, वहिनी."

"मग विद्यापीठाला सांग, दीड वर्षात पोरगी एकदाच आजारी पडली. कारखान्यात माझे मोजून दोन खाडे. आता पोरगी सांभाळायला विद्यापीठ येणार आहे का?"

काटेवाल्याने फिल्टर खोक्यात ठेवला, खोक्यावर घराचा नंबर टाकला.

"चांगला होता ना फिल्टर? मग काढता कशाला?"

"फरक दिसला नाही म्हणतात."

"कोणाला दिसला नाही?"

तो खोकं उचलून बाहेर पडला.

अभ्यास साधा होता. दोन गल्ल्या, चाळीस-चाळीस घरं, दोन्हीकडे एकाच टाकीचं पाणी. एका गल्लीत फिल्टर बसवायचे, दुसरीत नाही. दर सोमवारी दोन्हीकडे जायचं, दारात काटा टांगून तान्ह्या पोरांची वजनं घ्यायची आणि विचारायचं: जुलाब किती दिवस, त्यापायी कामावर खाडे किती. शहरातल्या बायकांचे किती दिवस नुसत्या पाण्यापायी बुडतात ते विद्यापीठातल्या मॅडमना मांडून दाखवायचं होतं. फरक दिसला असता तर नगरपालिका सगळ्या वस्तीला फिल्टर बसवून देणार होती. तसं कबूलच केलं होतं.

बिनफिल्टरच्या गल्लीसाठी नियम एकच होता. काही सांगायचं नाही, फक्त मोजायचं.

तो नियम काटेवाल्याने तिसऱ्याच आठवड्यात मोडला. झोळीतलं पोर मागच्या सोमवारपेक्षा हलकं भरलं, आणि त्याची आई काट्याकडे न बघता याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने आकडा लिहिला, पेन खिशात ठेवलं आणि हळूच म्हणाला, "पाणी उकळून देत जा. मी सांगितलं म्हणू नका." मग शेजारच्या घरी तेच. मग त्याच्या शेजारी. बायकांनी ऐकलं, पाणी उकळलं, आणि शब्दाला जागून कुठे बोलल्या नाहीत.

आणि दीड वर्षाने मॅडमच्या तक्त्यात दोन्ही गल्ल्या सारख्या निघाल्या.

मॅडमच्या खोलीत खुर्चीवरसुद्धा फायली होत्या. काटेवाल्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी महिनाभर डोकं फोडतेय," त्या म्हणाल्या. "फिल्टर खराब, पाइप खराब, काय काय तपासलं. तू खराब निघशील हे काही सुचलं नाही."

"पोरं आजारी पडत होती, मॅडम."

"हो. आणि आता सगळ्या वस्तीतली पडतील. अहवाल नगरपालिकेकडे गेलाय."

"परत मागवता नाही येणार?"

"येईल. नुसत्या तुझ्या शब्दावर नाही पण. पडताळणीला दुसरी माणसं जातील. घरोघरी विचारतील, उकळायला कोणी सांगितलं, कधीपासून. सगळं जुळलं तर हा अहवाल रद्द होईल आणि अभ्यास नव्याने करता येईल. तुझी नोकरी मात्र गेली असं समज."

"समजलो."

"घरं सांग. सगळी चाळीस?"

"एकोणचाळीस."

मॅडमनी मान वर केली. "राहिलं कुठलं?"

"शेवटचं. शिलाईवालीचं."

तक्त्यावर खाली सरकणारं मॅडमचं बोट थांबलं. त्या गल्लीत एक पोर गेलं होतं, जुलाबाने, दोन दिवसांत. ते त्याच घरातलं.

"चुकून राहिलं?"

"नाही."

मॅडमनी पुढे विचारलं नाही. "सोमवारी माणसं जातील," एवढंच म्हणाल्या आणि कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

शिलाईवालीच्या सासूला गल्लीत सगळे रेडिओ म्हणत. म्हातारीच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, सगळं नळावर जाहीर. एकदा तर काटेवाल्याच्या फाटक्या बनियनची बातमी तो पुढच्या दारात पोचायच्या आधी तिथे पोचली होती. हिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत विद्यापीठात कळेल, असा त्याने हिशेब केला. म्हणून ते घर टाळलं. नुसतं टाळलं नाही, बाकीच्या बायकांनाही बजावलं होतं, "रेडिओला कळू देऊ नका." पोर गेल्यानंतरही दर सोमवारी तो त्या दारात उभा राहून खाडे विचारत असे, आणि म्हातारी नीट उत्तरं देत असे.

कागद लिहून झाल्यावर तो तडक गल्लीत गेला. काटा बरोबर नव्हता, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

म्हातारी उंबऱ्याशी बसून कापडाच्या चिंध्या निवडत होती. आत सुनेचं मशीन चालू होतं.

"आज सोमवार आहे का रे?"

"नाही, आजी."

"मग बस. तोंड बघ, उन्हात वाळत घातल्यासारखं झालंय." ती उठली, आतून पाण्याचा पेला घेऊन आली. "पी. उकळलेलं आहे."

त्याने पेला घेतला नाही.

"पोर गेल्यावर शेजारीण आली होती," म्हातारी म्हणाली. "रडत रडत म्हणाली, तो वजनवाला सांगून गेलाय, पाणी उकळा म्हणून. सगळ्यांना सांगितलंय म्हणाली. तेव्हापासून उकळतो."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कशाला बोलू? तुझी भाकरी गेली असती. कोणाच्या कानावर घातलं नाही, हिच्याशिवाय." तिने आत सुनेकडे मान केली. "मी म्हटलं, त्या दिवशी आमचं दार बंद असेल. नाहीतर विसरला असेल. माणूसच तो, एवढी घरं."

आतलं मशीन थांबलं होतं. सून वळली नाही. सुईखालचं कापड तिने हाताने धरून ठेवलं होतं.

काटेवाल्याने खाली बघत सगळं सांगितलं: अहवाल, पडताळणी, सोमवारी येणारी माणसं. ते विचारतील तेव्हा खरं सांगायचं, म्हणाला. खरं सांगितलं तरच वस्तीला फिल्टर मिळायची आशा.

"म्हणजे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, असं सांगू?"

"हो."

"बरं. सांगेन." म्हातारीने पेला दुसऱ्या हातात घेतला. "पण ते विचारतील ना, गल्लीत सगळ्यांना सांगितलं, मग तुम्हालाच कसं नाही? तेव्हा काय सांगू?"

म्हातारी पेला धरून तशीच उभी होती. मशीन अजून सुरू झालं नव्हतं.

"सांग की," ती म्हणाली. "विसरला म्हणू?"