डाव्या तळव्यावरचा काळा डाग

मी डावा हातमोजा बोलतोय. फक्त डावा. उजव्याचं काय झालं ते मागाहून सांगतो. आणि मी बोलत असताना मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. वर्षभर सगळे बोलले, मी ऐकून घेतलं. आता माझी पाळी.

मी गोलकीपरचा मोजा. थंडीतला नाही की लग्नातल्या बँडवाल्याचा नाही. जालंधरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं एकाच दिवशी शिवले गेलो. पाठ निळी, तळवा पांढऱ्या मऊ रबराचा. चेंडू नीट चिकटावा म्हणून मॅचच्या आधी गोलकीपर आमच्या तळव्यावर थुंकतो. बघणाऱ्याला किळस येते. आमची ती आंघोळ असते.

नांदेडला वजिराबादेतल्या दुकानात आनंदराजनं आम्हाला हातात घातलं आणि तिथंच दोन टाळ्या वाजवल्या. विष्णुपुरीचा पोरगा, कॉलेजच्या टीमचा गोलकीपर. पहिल्या दिवशी त्यानं घरी जेवतानाही आम्हाला काढलं नाही. त्याची आई, सरजाबाई, ओरडली, "काढ ते! भाकरीला रबराचा वास येऊन राहिला."

"येऊ दे. चव बदलती जरा," तो म्हणाला.

समोर त्याचा धाकटा भाऊ रविकांत बसला होता. नववीत शाळा सोडून फरश्या बसवायला जाणारा. आनंदराजनं मागं लागून त्याला बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, दहावी करवली, मग दोन खेपेत बारावी करवली. "कॉलेजात आल्याशिवाय टीममध्ये कसा येशील रे, येड्या?" एवढंच त्याचं कारण. लहानपणी दोघं धरणाच्या रस्त्याला विटांचा गोल करून खेळायचे. रविकांत कधी चेंडू पकडायचाच नाही, ठोसे मारायचा. आनंदराज ते सगळ्यांना हसून सांगायचा.

मागच्या साली आमची टीम फायनलला गेली. लातूरच्या मैदानावर, लातूरच्याच कॉलेजाविरुद्ध. दोन मिनिटं उरली असताना लांबून एक चेंडू आला. साधा. आनंदराजनं पकडला आणि तो निसटून गोलात गेला. माझ्यातून निसटला, डाव्यातून. उजव्याचा काही दोष नव्हता. हे मी पहिल्या दिवसापासून कबूल करत आलोय. गोलामागची पोरं नाचत ओरडायला लागली, "सुटला रे सुटला!"

पुढं जे झालं ते घरातल्या, टीममधल्या कुणी बघितलं नाही, मी बघितलं. म्हणून नीट ऐका.

टीम जीपनं निघून गेली. आनंदराज मित्राची मोटारसायकल घेऊन आला होता. तो मैदानाच्या फाटकापाशी सिद्रामप्पांच्या हॉटेलात चहाला थांबला. हॉटेल कसलं, पत्र्याची टपरी. स्टोव्ह भडकला होता, किटली उतू चालली होती आणि सिद्रामप्पांचं फडकं खाली पाण्यात पडलं होतं. ते नुसतेच "अगाऽ अगाऽ" करत होते. आनंदराजनं मला हातात चढवलं आणि तापलेली कडी धरून किटली खाली उतरवली. माझा तळवा जळाला. विळ्यासारखा वाकडा काळा डाग पडला. त्यानं त्यावर फुंकर घातली आणि म्हणाला, "काका, आज दिवसभरात एवढी एकच गोष्ट पकडली मी."

मग तो हसला. सिद्रामप्पा हसले. दोन कप चहा झाला.

निघताना तो म्हणाला, "पुढच्या साली माझा भाऊ येतो. बघायला या त्याला. माझ्यासारखा पकडत नाही ते, हाणतंय!"

चाकूरच्या पुढं दिवेलागणीला उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं लाल दिवा नाही, काही नाही. बस. एवढंच.

लोकांनी मात्र दुसरंच ठरवलं. पोरानं फायनलमध्ये गोल खाल्ला, ते मनाला लागलं, म्हणून त्यानं गाडी घातली ट्रॉलीवर. विष्णुपुरीत म्हणाले, कॉलेजात म्हणाले, मातीला आलेले म्हणाले. म्हणताना आवाज खाली करायचे, जसं काही तेवढ्यानं ते खरं होतं. मी पिशवीत पडून ओरडत होतो, पण मोज्याला तोंड नसतं. पाच बोटं असतात, तीही रिकामी.

चितेवर ठेवण्याआधी सरजाबाईंनी उजवा मोजा आनंदराजच्या हातात चढवला. त्याचे वडील रामकिशन हळूच म्हणाले, "आपल्यात असं काही नसतं, सरजा. मेल्यावर पुढं काही नसतं."

"माहीत हाय मला. हात रिकामा दिसून राहिला, म्हणून घातला."

मला ती घालू लागली, तेव्हा रविकांतनं हिसकावून घेतलं. लोकांसमोर, आईच्या हातातून. असाच आहे तो. आधी हात जातो, मग डोकं.

चौथ्या दिवशी सरजाबाईंनी मला धुतलं. कोमट पाणी आणि नुसता हात एवढ्यावर धुवायचं असतं आम्हाला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, प्लास्टिकचा ब्रश. बाकीचे डाग निघाले, काळा निघेना. गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरवर हात पडून जळालेलं असणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. पोराच्या मरणाचा डाग समजून ती माय मला घासत राहिली. मग मला पत्र्यावर वाळत टाकलं, नांदेडच्या उन्हात. संध्याकाळपर्यंत माझा तळवा तळ्यातल्या चिखलासारखा तडकला. मी तिला बोल लावत नाही. पण त्या दिवसापासून माझ्यात पकड राहिली नाही.

जूनमध्ये रविकांतनं कॉलेजात नाव घातलं. त्याच महिन्यात नवीन कोच आल्या, मंजुश्री मॅडम, उदगीरच्या. बाईमाणूस बघून पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. कॅप्टन उमाशंकर औशाचा, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही खेळल्याव का कधी, का नुसतंच बघितलंय?"

मॅडमनी पाच चेंडू ओळीनं मांडले आणि रविकांतला गोलात उभं केलं. चार आत गेले. पाचवा खांबावर आदळला.

"एक हुकला, मॅडम!"

"हुकला न्हाई, मारला. खांबाचा आवाज मला आवडतो. चला, पळा, दहा फेऱ्या. उमाशंकर, तू बारा."

मग त्यांनी मला पाहिलं. रविकांतच्या उजव्या हातात कॉलेजचा नवा कोरा मोजा आणि डाव्यात मी.

"हे टाकून दे. तळवा मेलाय त्याचा."

"टाकणार नाही."

"चेंडू निसटंल."

"निसटू द्या. दादाचा हाय."

मला वाटलं, आता काढतात टीममधून. मॅडम जवळ आल्या, मला उलटंपालटं करून बघितलं. "बरं. ठेव. पण मग पकडायचं न्हाई. ज्याला पकड न्हाई त्यानं मूठ वळायची. माझ्या टीममध्ये ह्या हातानं तू एक बी चेंडू पकडलेला मला दिसला न्हाई पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिनिंगमधून कापसाचं बोचकं आणलं आणि मैदानाकडेच्या कडुलिंबाला टांगलं. रोज सकाळी दोनशे ठोसे, डाव्या हाताचे. उमाशंकर जाता जाता म्हणायचा, "कापसानं काय केलंय रे तुझं? भाव कमी दिला का?" रविकांत अजून जोरात मारायचा. कधी मारताना रडायचा. मला कळायचं, कारण मग डोळे माझ्याच पाठीनं पुसायचा.

त्याच्या मनात काय होतं तेही मला ठाऊक होतं. लोकांशी तो भांडायचा, "माझा दादा असा नव्हता" म्हणायचा. पण एकटा असला की माझ्या काळ्या डागावरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचा, "दादा, खरं सांग. मुद्दाम केलंस का?"

मी सांगत होतो. रोज सांगत होतो.

सीझन सुरू झाला. आम्ही जिंकत गेलो. ठोसे मारणारा गोलकीपर बघून पोरं हसायची आणि हरून घरी जायची. नांदेडच्या क्वार्टर फायनलमध्ये मात्र समोरच्या एका फॉरवर्डनं कॉर्नरला जवळ येऊन म्हटलं, "तू बी गोल खाऊन जीव देशील का? घराण्याची पद्धत हाय म्हणं."

रविकांतनं त्याला हाणला. माझ्यानंच. दात लागलेत मला, अजून खूण आहे. मला पश्चात्ताप नाही. पण लाल कार्ड मिळालं आणि लातूरच्या सेमीफायनलला त्याला बाहेर बसावं लागलं.

मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत. लातूरला पोचल्यावर म्हणाल्या, "आपल्या बाकावर बसायचं न्हाई. तिकडं जा, फाटकापाशी. लातूरच्या कॉलेजची माणसं असतात तिथं. काय बोलतात ते पुरं ऐक, हात खिशात घालून. उद्या फायनलला हेच ऐकायचंय तुला."

"अजून आपण फायनलला गेलो नाही, मॅडम."

"जाणार हाव. जा."

तो फाटकापाशी आला. मी त्याच्या कमरेला लटकत होतो. समोर तीच पत्र्याची टपरी. तोच स्टोव्ह, तीच किटली. मी अंगात होतं नव्हतं ते बळ लावलं, पण लटकणं सोडून मला दुसरं काय येतं?

सिद्रामप्पा चहा द्यायला वाकले आणि थांबले. त्यांनी सरळ हात घालून मला पालथं केलं.

"ही माझी कडी हाय," ते म्हणाले.

रविकांतनं त्यांचा हात झटकला. "काय?"

"अरं, ही बघ की!" त्यांनी किटली उचलून कडी माझ्या तळव्याला लावली. वाकडी कडी, वाकडा डाग. बरोबर बसली. "त्या पोरानं उतरवली होती. मागल्या साली, फायनलच्या दिवशी. कुठं हाय ते? भाऊ घेऊन येतो म्हणालं होतं. हाणतंय म्हणालं भाऊ." मग त्यांनी रविकांतच्या तोंडाकडं बघितलं. "तूच का रं तो?"

मागं मैदानावर काय चाललं होतं, आम्हाला दोघांनाही माहीत नाही. रविकांत मातीत बसला. सिद्रामप्पांनी सगळं सांगितलं, फडकं पाण्यात पडल्यापासून. पोरगं गेलं हे ऐकल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

रविकांतनं आईला फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मोठ्यानं लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"चहा पिला म्हणता?" सरजाबाई म्हणाली.

"दोन कप, माय."

"साखर जास्त टाकली का? लई लागायची त्याला."

"मागून घेतली त्यानं."

मग, "हसला का?"

"हसला. मला बी हसवला."

"मग तो डाग मी उगंच घासला," सरजाबाई म्हणाली, आणि तिकडं ती पहिल्यांदा मोकळी रडली.

सेमीफायनल आम्ही बदली गोलकीपरवर पेनल्टीत जिंकलो. दुसऱ्या दिवशी फायनल. तेच मैदान, तेच कॉलेज, तीच गोलामागची पोरं. रविकांत गोलात जाताच सुरू झाली, "सुटला रे सुटला!"

पहिला हाफ मुठीवर निघाला. दुसऱ्यात एक उंच चेंडू आला, सावकाश, देखणा. आणि ह्या येड्याला काय झालं कोण जाणे, त्यानं मूठ उघडली. दादासारखा पकडायला गेला. माझ्या तडकलेल्या रबरावरून चेंडू निसटला आणि गोलात गेला.

मैदान पेटलं. "सुटला! सुटला!" आमची टीम मान खाली घालून उभी राहिली. उमाशंकरसुद्धा.

रविकांत उठला. चेंडू काढला. मग गोलामागच्या पोरांकडं वळला आणि मला डोक्यावर धरून ओरडला, "हाव, सुटला! मग? उभा हाय ना मी? बघा नीट! माझा दादा बी असाच उभा राहिला होता. चहा पिऊन, हसत घरी निघाला होता. अजून ओरडा! हाय मी इथंच!"

पोरं ओरडली, पण सूर गेला होता. बाकावरून मॅडम म्हणाल्या, "भाषण झालं असंल तर मूठ वळ!"

त्यानं वळली. त्यानंतर आमच्या गोलावर आठ चेंडू आले. सात मी परत पाठवले. उमाशंकरनं एक गोल फेडला. शेवटच्या मिनिटाला त्यांनी अजून एक घातला, चांगला होता, कुणालाच अडला नसता. दोन-एक. आम्ही हरलो. कप आला नाही, लिहून ठेवा खुशाल. परत येताना सगळी टीम टपरीवर थांबली आणि किटली मी उतरवली.

आता माझी अवस्था सांगतो. अंगठ्याची शिवण उसवली होती, ती चांभारानं जोड्याच्या दोऱ्यानं घातली. तळवा अर्धा गेला. डाग मात्र शाबूत आहे आणि घरात आता त्याला कुणी घासत नाही. कॉलेजच्या मोठ्या सरांनी परवा बोलावून सांगितलं, उपविजेत्याची ढाल काचेच्या कपाटात ठेवतोय, शेजारी आनंदराजचा फोटो आणि हा मोजा ठेवू.

"फोटो ठेवा, सर," रविकांत म्हणाला. "ह्याला उद्या सराव हाय."

बरोबर बोलला. मला काचेत घालू नका, हार घालू नका, माझ्यासमोर आवाज खाली करू नका. आनंदराज चुकला, हसला आणि घरी निघाला. उद्या सकाळी सहाला मी कडुलिंबाखाली आहे. ज्याला अजून "सुटला" म्हणायचंय, त्यानं समोर यावं आणि मोठ्यानं म्हणावं. मी मूठ वळूनच आहे.