आधी नाक जातं

सूड घ्यायला सेबोमला फक्त दोन वाट्या आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा लागणार होता.

शत्रू म्हणजे ओक्बून. आजीची धाकटी जाऊ, म्हणून सेबोमची धाकटी आजी. जिभेला हाड नाही, आणि चाल अशी, की डावा हात अंगाला चिकटलेला, जणू न दिसणारी बादलीच धरलीय! सेबोम तिची हुबेहूब नक्कल करायची आणि वर्गातल्या मैत्रिणी पोट धरून हसायच्या.

गुन्हा दोन वर्षांपूर्वीचा. देंजांग, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला कोरियातला तो चिखलासारखा दिसणारा आणि अमृतासारखा लागणारा लगदा, घराण्यात थोरल्या सुनेच्याच ताब्यात असतो. रांजणाची चव बिघडली की घर बुडतं, असं सगळं गाव मानतं. आजीनं प्रत्येक रांजणात नाक घालून पाहिलं होतं. तरी पितरांच्या पूजेला तिनं वाढलेलं देंजांग कुजकं निघालं. काकांनी घास थुंकला, आणि ओक्बून सगळ्यांसमोर ओरडली, "ताई, आळशीपणानं घर बुडवलंत!" त्याच संध्याकाळी रांजण हातगाडीवरून ओक्बूनच्या अंगणात गेले. मागे उरला तो एकटा बिघडलेला.

या हिवाळ्यात आजीचा हात थरथरायला लागला. पार्किन्सन, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि वास? आजीला तर वासही येईनासा झालाय," सेबोमनं विचारलं.

"तो तर खूपदा कितीतरी वर्षं आधीच जातो." बाईंनी कागदावर मेंदू काढला. "पेशीत एक प्रथिन असतं. ते वेडंवाकडं दुमडतं, त्याच्या गाठी होतात, आणि एका पेशीतली गाठ शेजारणीलाही बिघडवते. बऱ्याच जणांत हे नाकाकडे नाहीतर आतड्यात सुरू होत असावं. मग सरकत सरकत मेंदूतल्या या काळ्या पुंजक्यात येतं. हालचालीचे निरोप नेणारं डोपामीन इथल्या पेशी बनवतात. त्यातल्या पुष्कळशा मेल्या, की मग कुठे हात थरथरतो. आजी शेतात काय फवारायच्या?"

"तणनाशक. मिरचीच्या वावरात. दोघी जावा मिळून, पाठीवर पंप आणि तोंडाला नुसता रुमाल."

"काही विषं पेशींची वीजघरंच बंद पाडतात. त्यानंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण धोका वाढतो."

सेबोमनं त्यातलं एकच घट्ट धरलं. आजी आळशी नव्हती! आता हे ओक्बूनच्या तोंडून वदवून घ्यायचं, तेही सगळ्यांसमोर.

वसंतात रांजण उघडायचा दिवस आला. सगळं कुटुंब ओक्बूनच्या अंगणात जमलं. आजी बाकावर बसली होती, तिचा चेहरा हल्ली मुखवट्यासारखा हलत नसे. सेबोमनं दोन वाट्या पुढे ठेवल्या. एकीत ओक्बूनच्या रांजणातलं चांगलं देंजांग, दुसरीत त्या बिघडलेल्या रांजणातलं.

"धाकटी आजी, पैज! नाकाला हा चिमटा लावायचा, बोटाच्या टोकानं चाखायचं आणि सांगायचं, चांगलं कुठलं. नाक बंद झालं की कुणालाच कळत नाही. आजीचंही तसंच झालं होतं."

"अगं ए शिंगरा, मला शिकवतेस?" ओक्बूननं चिमटा भिरकावला. "ते रडगाणं ताईंचं. माझं नाक कुत्र्यासारखं आहे. आण इकडे!"

तिनं पहिली वाटी हुंगली, चाखली. दुसरी हुंगली, चाखली. काकांनी तर लांबूनच नाक दाबलं होतं.

"ही," ओक्बून ऐटीत म्हणाली. "ही दुसरी. माझ्या हातची, लगेच कळतं."

अंगणात हशा पिकला. "काकू, ते कुजलंय!" काका गडगडाटी हसले. सेबोमच्या तर आनंदाला उकळी फुटली. चिमट्याशिवाय! मागितलं त्याच्या दुप्पट मिळालं!

ओक्बून हसत नव्हती. तिनं वाटी परत नाकाशी नेली, मग पुन्हा एकदा. मग ती उठून रांजणाकडे निघाली, आणि डावा हात तसाच, अंगाला चिकटलेला.

ती बादली. आजीचाही हात हल्ली चालताना असाच हलेनासा झाला होता.

सेबोम धावत गेली आणि ओक्बूनच्या कानाशी लागली. "वास कधीपासून येत नाही?"

"सर्दी आहे," ओक्बून पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "बरीच वर्षं. कुणाला सांगू नकोस."

सेबोमला दया आली. पण राग काही गेला नाही. "सर्दीही असेल. पण दवाखान्यात जायचंच, आणि मीच नेणार. आधी माझ्या आजीची माफी माग, रांजण परत दे. नाहीतर मी सगळ्यांना सांगते, आत्ता!"

ओक्बून बाकापाशी आली, वाकली. "ताई, चुकले मी," ती पुटपुटली.

आजीचा आवाज आजारानं अगदी खाली गेला होता. तरी अंगण असं चिडीचूप झालं, की प्रत्येकाला ऐकू आलं.

"मोठ्यानं म्हण, ओक्बून. तेव्हा मोठ्यानं बोलली होतीस."

ओक्बूननं सेबोमचा दंड घट्ट धरला आणि मान वर केली. "ताई आळशी नव्हत्या! चुकले मी!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की पलीकडच्या वावरातली माणसंही वळून बघायला लागली.