धुक्यातली चार बोटांची काठी

मी एक काठी आहे, जेमतेम चार बोटांची. वहिनी शिकवतात त्या वर्गातली लाकडी फूटपट्टी मोडली तेव्हा त्यांनी करवतीने मला तिच्यातून कापून काढलं आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर छोटे रणगाडे, शिपाई आणि कुंपणं ठेवून लढाईचा खेळ मांडतात. खेळात धुकं असलं की कापूस पसरतात आणि मला बाहेर काढतात. माझ्या लांबीपलीकडचं कुणालाच दिसत नाही, असा नियम.

खेळणारे दोघे सख्खे भाऊ. दादा रणगाड्यांच्या पलटणीतून निवृत्त झालेले, धाकटे पायदळातून. वहिनी म्हणजे दादांची बायको, त्या पंच. लष्करी शाळेसाठी या खेळाचं पुस्तक दादा लिहीत होते. धुक्याच्या प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं की रणगाड्यांनी वेगाने पुढे जावं, पायदळाने मागून गाठावं. ते पान वाचून धाकट्यांनी ताट बाजूला सारलं. खऱ्या धुक्यात असेच सुटून पुढे गेलेले दोन रणगाडे त्यांनी जळताना पाहिले होते. शाळेतली पोरं उद्या पुस्तकातलंच करणार, असं ते सांगत राहिले.

"तुझं पायदळ म्हणजे गोगलगाय," दादा म्हणाले. "मांड डाव."

दादांचे तीन रणगाडे कापसात घुसले, त्यांचं पायदळ वीतभर मागे राहिलं. मग दादांनी मला तोफेच्या टोकाला लावलं. समोर सगळं मोकळं. रणगाडेवाल्यांची ही खोडच आहे. तोफ पोचते तिथवर आपली नजर पोचते असं त्यांना वाटतं.

"अहो, तोफेला कुठले डोळे?" वहिनी म्हणाल्या. "आतला माणूस बसतो तिथून मोजा."

तिथून मोजलं तर मी नळीपुढे नखभर उरले. बाजूला बघायला पायदळ नव्हतंच. कुंपणाआडून धाकट्यांचे शिपाई आले आणि चहा निवायच्या आत तिन्ही रणगाडे गेले.

दुसऱ्या डावात रणगाडे धाकट्यांनी घेतले. पायदळ पुढे, पण माझ्या लांबीच्या आत. थोडं सरकायचं, इंजिन बंद करून कान द्यायचा, पुन्हा सरकायचं. दादा जांभया देऊन खिजवत होते. पण या वेळी कुंपणाआडचे शिपाई पायदळालाच आधी सापडले. एकही रणगाडा गेला नाही.

दादा टेबलावरचा कापूस गोळा करू लागले. मग त्यांनी विचारलं, "किती होते रे, त्या दोन गाड्यांत?"

"आठ, दादा."

दादांनी पानावर काट मारली आणि नवं पान लिहायला घेतलं, धाकट्यांना विचारून विचारून.

पुस्तकासोबत मलाही शाळेत पाठवलं. आता मी तिथल्या कपाटात असते. तिथले साहेब म्हणतात, ही काठी फार आखूड आहे, एका डावाला अख्खी दुपार जाते, दुप्पट लांबीची दुसरी करून घ्या. सुताराला निरोपही गेलाय. साहेब, घड्याळ बघून धुकं ठरवू नका. तुमची दुपार वाचेल. पण त्या वाचलेल्या दुपारीपायी एखादं पोरगं खऱ्या धुक्यात, आपल्याला पुढचं दिसतंय असं समजून निघेल, आणि त्याला अडवायला मी तिथे नसेन.